भिंतीवरची माधुरी

सकाळी साडेनऊला माधुरीनं स्कूटी बाहेर काढली, तेव्हा तिचं काम अगदी साधं होतं. सिद्धगडाच्या पायथ्याशी एका वाडीत जायचं, एका घराच्या भिंतीवरून एक फोटो उतरवून घ्यायचा, आणि तीनच्या आत किन्हवलीला परत यायचं. फोटो तिचा स्वतःचाच होता. त्याला हार घातलेला होता.

"आज नको जाऊस," आई दारातून म्हणाली. "नवमी आहे. पितरांचे दिवस. भरदुपारी कुणाच्या दारात..."

"आई, वर्षातला असा एक दिवस सांग, ज्या दिवशी मी बाहेर पडलेली तुला चालेल. कॅलेंडरवर खूण करून ठेव, त्याच दिवशी जाते."

"बोल, बोल. तोंड आहेच तुझं."

"तेवढंच कुणाला नकोय," माधुरी म्हणाली आणि निघाली.

ते खरंही होतं. तीन वर्षांपूर्वी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, तिला एका विमा कंपनीची जाहिरात मिळाली होती. पंचेचाळीस सेकंदांची. घरात नवरा पोळ्या करपवतोय, लहान मुलगी शाळेचा कागद घेऊन रडवेली उभी आहे, आणि भिंतीवरच्या फोटोतली बायको मान किंचित कलती करून हसते आणि म्हणते, "मी आहे ना!" झालं. क्रिकेटच्या मॅचमध्ये ती जाहिरात इतक्या वेळा लागली की लोक आधी रडले, मग हसले, मग त्यांनी त्या तीन शब्दांची रिंगटोन केली. कंपनीच्या एजंटांनी त्याच चित्राची कॅलेंडरं गावोगाव वाटली.

आणि माधुरी त्या जाहिरातीत मेली ती मेलीच. नंतर तिला अकरा कामं मिळाली, त्यांतल्या नऊ कामांत ती फोटोच होती. नायकाची पहिली बायको. खलनायकाची बहीण, जिच्यासमोर उभा राहून तो शपथा घेतो. एका सिनेमात तिला खरोखर चालायला मिळालं, तर तिथं ती भूत होती. शेवटी कास्टिंगवाल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, "तुझा चेहरा लोकांच्या डोक्यात भिंतीवर टांगलेला आहे. खाली उतरून दाखव, मग बोलू."

आज ती उतरणार होती. एका मालिकेत भांडखोर वकिलिणीचं काम होतं, रोजचं, बोलायचं, ओरडायचं. तीन पानं संवाद पाठ करून, मोबाइलवर व्हिडिओ काढून संध्याकाळी सातपर्यंत पाठवायचा होता. आणि नेमका कालच साईनाथनं घोळ घातला. साईनाथ म्हणजे तिच्या भावाचा, रितेशचा मित्र. रविवारी मुंबईच्या पोरांना गडावर घेऊन जायचा. त्यानं वाटेत कुठल्या तरी घरी भाकरी खाल्ली आणि तिथल्या भिंतीचा फोटो स्टेटसला टाकला. चौकटीत माधुरी, झेंडूचा ताजा हार, खाली उदबत्ती. वर त्यानं लिहिलं होतं, 'आमची माधुरीताई अमर रहे.'

रितेश हसून हसून लोळला. माधुरीनं फक्त पत्ता विचारला. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण आपण घसा फोडून जिवंतपणा सिद्ध करत असताना तिकडे कुणी तरी रोज आपल्याला ओवाळतंय, हे तिला सहन होत नव्हतं.

मुरबाड मागं पडलं. म्हश्याच्या पुढे टपरीवर ती चहाला थांबली, तर टपरीवाला जागच्या जागी उडाला. "अरे, ही तीच! मी आहे ना! ताई, एकदा म्हना ना... एकदाच!"

"आधी चहा द्या."

"चहा फुकट. म्हना."

ती म्हणाली. मान कलती करून, हसून. टपरीवाल्यानं टाळी वाजवली. ते तीन शब्द आता तिचे राहिलेच नव्हते. दारात आलेल्याला मूठभर तांदूळ घालावे तसे ती कुणालाही देऊन टाकायची.

डांबरी रस्ता संपला. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं, बांधावर तेरडा माजलेला, गवत माणसाएवढं. वारा पडला होता. सिद्धगडाचा माथा ढगात बुडाला होता आणि खाली सगळीकडे पांढरं, डोळ्यांना बोचणारं ऊन होतं. वाडीत शिरताना एकही माणूस दिसला नाही. घराघरांतून तळणाचा वास येत होता. ओल्या मातीचा, उदाचा. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.

शेवटचं घर. अंगण सारवलेलं, पण रांगोळी नाही. उंबऱ्यात एक म्हातारी बसली होती. तिनं माधुरीकडे बघितलं, आणि ना उठली, ना दचकली.

"आलीस?" ती म्हणाली. "पाय धू. मंग आत ये."

"आजी, तुम्ही मला ओळखता?"

"वळखाय काय झालं गो? रोज दिवा तुलाच लावते."

आत डोळ्यांना काही दिसेना. मग हळूहळू भिंत दिसली, भिंतीवर चौकट, आणि चौकटीतून माधुरी माधुरीकडे बघून हसत होती. कॅलेंडरमधून कापलेलं चित्र. तारखांची एक लाल रेघ खाली राहून गेली होती. दाराआडून पाच-सहा वर्षांची एक मुलगी तिच्याकडे बघत होती. एकदा भिंतीकडे, एकदा तिच्याकडे.

"तो फोटो माझा आहे," माधुरीनं वाटेत घोकलेलं वाक्य म्हटलं. "मी जिवंत आहे. मला न विचारता तुम्ही हार घातलाय. मी तो घेऊन जायला आलेय."

मागच्या दारातून केळीचं पान घेऊन एक तरुण माणूस आला. हा म्हातारीचा मुलगा, कमळू. त्यानं मान वर केली नाही. "बसा ताई. चूक आमचीच हाय. आई, पानी दे त्यांना."

मग त्यानं सांगितलं. बायको मीना. चार वर्षांपूर्वी लावणीहून येताना ओढ्याला लोंढा आला, त्यात गेली. फोन तिच्या कमरेला होता, सगळे फोटो त्यातच. त्याच रात्री घरात पाणी शिरलं आणि लग्नाच्या अल्बमची पानं एकमेकांना चिकटून त्यांचा चिखल झाला. दाराआडची ही लहानी तेव्हा दीड वर्षाची. पुढे ती विचारायला लागली, आई कशी होती. म्हातारीनं, जनाबाईनं, भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. तोंड असंच होतं थोडंसं, म्हणाली.

"थोडंसं?" माधुरी म्हणाली. "आणि आधार कार्ड? त्यावर फोटो असतो ना?"

कमळूनं पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. चेहऱ्याच्या जागी एक काळपट डाग, दोन डोळ्यांसारखं काहीतरी.

"ह्योच मोठा करून आनला व्हता मुरबाडवरनं. पोर भ्याली. म्हनं, ही कोन बाई?" त्यानं तिच्या हातातल्या कार्डाकडे बघितलं. "आनि ताई, खरं सांगू... आता मलापन ही परकीच वाटते. मीनाला आठवाय गेलं का तुमचंच तोंड येतं. आवाजपन तुमचाच. मोबाइलवर लावतो ना आमी... रोज."

माधुरीनं कार्ड घाईघाईनं परत केलं. ती भांडायला आली होती, आणि इथं भांडायला कुणी तयारच नव्हतं. तिला चीड आली. त्यांची, आणि आत कुठं तरी हललेल्या स्वतःची.

"मी तुम्हाला एखाद्या चांगल्या चित्रकाराचा नंबर देते," ती म्हणाली. "त्याला सांगा, तो मीनाचं चित्र काढेल. पण हा फोटो मी नेणार."

"ने की," जनाबाई शांतपणे म्हणाली. "पन आज नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान आज. कावळा शिवला का उतरवून देते. दरसाल लगेच येतो. आनि तूपन जेव. आजच्या दिशी दारात आलेली सवाष्न..."

"माझं लग्न झालेलं नाही, आजी."

"फोटोत हिरव्या बांगड्या हायत की."

माधुरीला हसू फुटलं, आणि अर्ध्यातच विरून गेलं. म्हातारी हसत नव्हती.

पान वाढलं. भात, वरण, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. कमळूनं ते गोठ्याच्या कौलांवर ठेवलं आणि चौघंही अंगणात येऊन बसली. समोर उंबरावर चार कावळे होते. ते पानाकडे बघत होते. जागचे हलत नव्हते.

साडेबारा वाजले. एक वाजला. घामानं माधुरीचा कुडता पाठीला चिकटला. फोनला रेंज नव्हती. ती मनात वकिलिणीचे संवाद घोकत राहिली.

जनाबाईनं हात जोडले. "मीना, पोरीला शाळेत घातलंय गो. घास घे." कावळे हलले नाहीत. "तुझ्या आयसला साडी धाडलीय." नाहीत. "कमळूचं दुसरं लगीन करनार नाय."

"गेल्या साली पन हेच सांगितलंस आई," कमळू पुटपुटला. "तिला पाठ झालं असंल."

"तू गप रे. किन्हवलीची पोरगी बघून आलास ते तिला कळलं असंल."

"चहा प्यालो फकस्त."

दोन वाजले. ऊन एकाएकी मंद झालं. गडावरचा ढग खाली सरकत होता. उंबराची पानंसुद्धा हलत नव्हती. खिरीवर माश्या बसल्या होत्या, आणि त्या गुणगुणण्याशिवाय सगळ्या वाडीत आवाज नव्हता.

"आजी, कावळ्याला भूक नसेल," माधुरी म्हणाली. "तो काही आपलं ऐकत बसलेला नाही. मला सातच्या आत एक व्हिडिओ पाठवायचाय. माझ्या कामाचा प्रश्न आहे."

"तिला काय तरी पायजे," जनाबाई हलक्या आवाजात म्हणाली. "काय ते कबूल केल्याबिगर ती शिवायची नाय."

तेव्हा लहानी पहिल्यांदा बोलली. माधुरीच्या ओढणीचं टोक धरून.

"तू म्हन ना."

"काय?"

"ते. फोटोतलं."

माधुरीनं कमळूकडे बघितलं. त्यानं नजर खाली घातली. जनाबाईचे हात जोडलेलेच होते. ठीक आहे, माधुरी मनात म्हणाली. टपरीवाल्याला दिलं, यांनाही देऊ. ती उठली, गोठ्याकडे तोंड केलं, मान कलती केली आणि हसली.

"मी आहे ना!"

उंबरावरच्या चारांतला एकही हलला नाही. पण तिच्या कानाला वारा लागला. पाठीमागून, घराच्या उघड्या दारातून, तिच्या खांद्यावरून एक कावळा सपकन बाहेर आला आणि सरळ पानावर उतरला. त्यानं आधी भात घेतला. मग वडा. मग मान तिरकी करून तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"घरात कावळा होता?" तिनं विचारलं.

आत चुलीपाशी हंडा ठेवल्याचा आवाज झाला.

पूर्ण भरलेला हंडा ठेवताना होतो तसा, जड, ओला. मग बांगड्या. मग पदर झटकल्यासारखं काहीतरी. माधुरीनं मोजलं. जनाबाई इथं. कमळू इथं. लहानी इथं.

लहानीनं ओढणी सोडली आणि ती आत पळाली. मग आतून ती खुदखुदली, आणि तिच्या हसण्याला उत्तर म्हणून कुणी तरी हळूच बोललं. शब्द कळले नाहीत. आवाज कळला. स्टुडिओत चौदा वेळा चुकून पंधराव्या वेळी लागला होता तोच सूर, त्याच जागी श्वास. माधुरीचा आवाज. आणि माधुरी अंगणात ओठ घट्ट मिटून उभी होती.

"शेजारीण आली का मागच्या दारानं?" ती म्हणाली. "आजी... कोण आहे आत?"

जनाबाईनं पदरानं डोळे टिपले. "चला रे," ती म्हणाली, "तिनं पानं घेतली असतील." ती माधुरीच्या इतक्या जवळून गेली की लुगडं घासलं, पण तिनं बघितलं ते माधुरीच्या पलीकडे. माधुरी आल्यापासून प्रथमच.

कमळू आत गेला आणि चौकट घेऊन बाहेर आला. हार काढलेला होता. अंगणातला केर उचलून द्यावा तशी ती त्यानं पुढे केली.

"न्या," तो म्हणाला. ताई म्हणाला नाही. "आता लागनार नाय."

आत डोकावून बघायला तीन पावलं पुरली असती. माधुरी कॉलेजात असल्या गोष्टींवर वाद घालून बक्षीस मिळवलेली मुलगी. तिची पावलं स्कूटीकडे वळली.

वाडीपासून दोन मैलांवर, रस्त्यावरच्या एका मोरीपाशी ती थांबली. चौकट उघडली, चित्राचे चार तुकडे केले आणि खालच्या गढूळ पाण्यात टाकले. तुकडे तरंगले नाहीत, लगेच गेले. मीना कुठल्या ओढ्यात गेली, हे तिनं विचारलं नव्हतं. आता ते डोक्यात आलं, आणि तिनं स्कूटीचा कान पिळला.

म्हश्याच्या टपरीवर ती मुद्दाम थांबली. तिला माणसांचा आवाज हवा होता.

"काय पायजे बाई?" टपरीवाला म्हणाला.

"ओळखलं नाही? सकाळी नाही का..."

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. खांदे उडवले. "रोज हजार लोक येतात. कटिंग का फुल?"

आणि माधुरीच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला ओळखलं नव्हतं! ती उतरली होती. किन्हवलीपर्यंत ती वकिलिणीचे संवाद मोठमोठ्यानं म्हणत आली; गवतातून बगळे उडत होते.

सहाला रितेशनं फोन हातात धरला. मागं हिरवा पडदा, वर पंखा. माधुरी बोलली. टेबलावर मूठ आपटली, बोट रोखलं, घसा ताणला, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं. थांबली तेव्हा रितेशचं तोंड उघडं होतं.

"कडक!" तो म्हणाला. "बाई गं, मला आत टाकशील असं वाटलं."

त्यानं व्हिडिओ लावला. आवाज सुरू झाला, खणखणीत. दोघंही बघत राहिले.

"हँग झालाय," रितेश म्हणाला.

"पडदा बघ."

पडदा हलत होता. पंख्याची सावली भिंतीवर फिरत होती. एक पाल ट्यूबलाइटखालून आली, किडा टिपून गेली. मूठ आपटल्याचा आवाज आला, टेबलावरचा पेला हादरला. आणि या सगळ्याच्या मधोमध माधुरी मान किंचित कलती करून, ओठ मिटून, हसत बसली होती. तीन मिनिटं सतरा सेकंद. पापणीसुद्धा लवली नव्हती.

पुन्हा काढला. या वेळी ती खोलीभर फिरली. रितेश एकदा तिच्याकडे, एकदा फोनकडे बघत होता; फोनमध्ये ती जागची हलली नव्हती. तिसऱ्यांदा आईच्या फोनवर काढला. तेच. रितेश म्हणाला, "मी जरा बाहेर जाऊन येतो," आणि गेला.

सातला पाच कमी असताना तिनं आपल्या फोनवरचा पहिलाच पाठवला. दुसरं काय पाठवणार? दोन मिनिटांत कास्टिंगवाल्या बाईंचा निरोप आला. 'फोटो नको माधुरी. व्हिडिओ पाठव.'

फोन कॉटवर ठेवून ती भिंतीला टेकली. व्हिडिओ परत आपोआप सुरू झाला. तिचा आवाज तावातावानं भांडत होता. तेवढ्यात आई आत आली. वरणाला फोडणी घालता घालता आली असावी. बोटं हळदीनं पिवळी होती. ती कॉटपाशी थबकली. वाकली. बोटाचं टोक फोनच्या काचेला लावलं, मग स्वतःच्या कपाळाला. क्षणभर डोळे मिटले, आणि पुढे जाऊन खिडकी लावायला लागली.

"आई..." माधुरी पुढे झाली. "हे काय केलंस?"

"काय केलं? डास येतायत गं."

"फोनला हात लावलास. नमस्कार केलास तू."

"मी?" आई तिच्याकडे बघत म्हणाली, आणि खरोखरच गोंधळली. "कधी?"

आई गेली. काचेवर, त्या हसऱ्या चेहऱ्याच्या कपाळावर, हळदीचा टिपका उमटला होता. माधुरीनं ओढणीनं काच पुसली. ओढणीला पिवळा डाग लागला. तिनं फोन ट्यूबलाइटसमोर तिरका धरला. काच स्वच्छ, लख्ख होती.

आत पडदा हलत होता. टिपका होता तिथंच होता. ओला होता, आणि त्या न हलणाऱ्या कपाळावरून हळूहळू खाली, भुवईकडे ओघळत होता.